केरूनानांचं मडगार्ड

केरूनाना तांबटांना एक वाईट खोड होती. रस्त्यात कुणाचीही मोटार उभी दिसली की ते सरळ तिच्या मडगार्डाखाली हात घालत. मोटार कुणाची, आत कोण बसलंय, काही बघायचं नाही. चाकाशेजारी उकिडवं बसायचं, हात कोपरापर्यंत आत, डोळे मिटलेले, मान वाकडी. गाभण म्हैस तपासणारा माणूस जसा बसतो तसे बसत. मग हात बाहेर काढून धोतराला पुसत आणि बहुतेक वेळा थुंकत. "हॅत्! छापल्यालं हाय." मालक अंगावर धावून आला तर वर त्यालाच विचारत, "का रं, तुझी गाडी खाल्ली का मी?" एकदा नगरच्या माळीवाड्याच्या वेशीपाशी एका बड्या अंमलदाराच्या शिपायानं त्यांच्या पाठीत छडी घातली, तर हा माणूस छडीबद्दल चकार शब्द बोलला नाही. "एवढा मोठा सायेब, अन् मडगार्ड बघा कसलं पापडावानी!" हीच तक्रार ते दिवसभर करत फिरत होते.

छापलेलं म्हणजे काय, ते सांगतो. विलायतेतल्या कारखान्यात मोटारीचा पत्रा भल्यामोठ्या साच्यात घालून एका दणक्यात दाबतात. दार, बॉनेट, मडगार्ड, सगळं असंच निघतं. वरून गुळगुळीत आणि आतूनही गुळगुळीत. हातानं घडवलेलं मडगार्ड वरून कितीही घासा, रंगवा, त्याच्या आतल्या अंगाला हातोडीचे ठोके राहतातच. तांब्याच्या घंगाळावर ते आपण रोज बघतो. तांबट त्याला मठार म्हणतात. प्रत्येक तांबटाची मठार निराळी. कुणाची ओळीनं जाते, कुणाची कशीही. नानांची मधून निघायची आणि गोल गोल फिरत कडेला पोचायची.

हा तांबट मोटारींकडे वळला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. बाजारातलं तांबं तोफगोळ्यांच्या कारखान्यांत गेलं आणि हंडे-कळश्या घडवणाऱ्या आळीत दिवसाढवळ्या सामसूम झाली. त्याच वेळी बोटीनं येणारं मोटारींचं सामान बंद झालं. लष्कराच्या गाड्यांनी नगरचे रस्ते भरलेले, त्यामुळे ठोकरी रोजच्या. कुणाचं दार चेपलं, कुणाचं मडगार्ड फाटलं, तर नवं आणणार कुठून? केरूनानांनी तेलाचं रिकामं पीप उभं कापलं, उलगडून सपाट केलं आणि पहिलं मडगार्ड घडवलं. "हंड्याचं प्वाट अन् मडगार्डाचं प्वाट, काय फरक हाय? एकात पानी र्‍हातं, एकाखाली चाक फिरतं," असं ते म्हणत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती कोर्टाच्या आवारात. मी आरोपी होतो. माणूस मारल्याचा आरोप होता माझ्यावर, आणि आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मॅट्रिकला दोनदा गचकल्यावर मी ट्रकवर बसलो. वडील शाळामास्तर, मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं तर ते "व्यापारात असतो" म्हणून सांगत. मी घोडेगावहून नगरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या आणायचो. त्या दिवशी दिवेलागणीला मी इमामपूरच्या घाटाच्या अलीकडे होतो. मागून एक काळी मोटार भोंगा वाजवत आली आणि धुरळा उडवत पुढे गेली. ती बापूसाहेबांची. त्या रस्त्यावर तसली मोटार दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. वळण घेऊन पुढे गेलो तर रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी कलंडलेली, जू मोडलेलं, एक बैल हंबरत होता आणि गाडीवान रस्त्यात पालथा पडला होता. मी ट्रक थांबवला, उतरलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो सोनईचा म्हादू. माझ्या मांडीवरच त्यानं प्राण सोडला.

मी थांबलो, हाच माझा गुन्हा झाला. लोक जमले, त्यांना मेलेला माणूस दिसला आणि उभा ट्रक दिसला. ट्रकच्या पुढच्या पट्टीला जुना पोचा होता, तो पोलिसांना नवा वाटला. मी फौजदाराला सांगितलं, काळी मोटार पुढे गेली. "कुणाची?" मी नाव घेतलं आणि लिहिणाऱ्या शिपायाचा हात थबकला. बापूसाहेब म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. जमीनजुमला, स्वतःच्या बसगाड्या, लष्कराला गवत पुरवण्याचा ठेका. फौजदार मला म्हणाला, "नाव नीट आठव." मी नीट आठवून पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी बेड्या घालून मला भरबाजारातून कोर्टात नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण शाळेत मी निबंधात वापरली होती. तिचा अर्थ तेव्हा कळला.

माझा वकील नवखा होता, पण भित्रा नव्हता. खटला उभा राहिला तेव्हा त्यानं हट्टानं बापूसाहेबांना साक्षीला बोलावलं. ते आले तेच मुळी मोटारीतून. मोटार कोर्टाच्या आवारात उभी केली, चकचकीत काळी, कुठे ओरखडा नाही. ते पिंजऱ्यात उभे राहिले, देवाची शपथ घेतली आणि म्हणाले, "गाडी बाहेर उभी आहे, बघून घ्या. मी ती कोरी घेतली. तिचा एकही पत्रा आजवर बदललेला नाही. कंपनीतून आली तशी आहे." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कुत्र्याकडे तरी माणूस बघतो.

मॅजिस्ट्रेट म्हातारे, सावध गृहस्थ होते. ते म्हणाले, गाडी बघू. सगळे बाहेर आलो. आवारात बघ्यांची ही गर्दी. बापूसाहेब मोटारीपाशी गेले आणि नेमकं डाव्या मडगार्डावर हात ठेवून पुन्हा म्हणाले, "हे बघा. अस्सल कंपनीचं काम."

"कंपनीचं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "कंपनीचं म्हंता व्हय?"

एक बुटका, काळाकभिन्न, भरदार दंडांचा माणूस लोकांना ढकलत पुढे आला. पट्टेवाल्यानं त्याचा दंड धरला तर पट्टेवालाच दोन पावलं ओढला गेला. "सायेब, ह्ये मडगार्ड माझं हाय! ह्या हातांनी क्येलंय! कंपनीच्या बाला जमंल का असं?" शिरस्तेदार खेकसले, "गप्प बस, कोर्ट आहे हे!" "आसंल की कोर्ट! कोर्टात लबाडी चालती, अन् म्या बोलल्यालं चालंना व्हय?"

मॅजिस्ट्रेटनी हात वर केला. "तू कोण?"

"केरू तांबट. आमी म्हनतो म्हनून नगा मानू. उजव्या मडगार्डाखाली हात घाला, मंग डाव्याखाली घाला. आंधळ्याला बी कळंल."

पट्टेवाल्यानं गणवेशाची बाही वर सारली आणि नाखुशीनं आत हात घातला. उजवीकडे म्हणाला, "गुळगुळीत आहे, साहेब. ताटासारखं." डावीकडे हात घातला आणि बराच वेळ तिथंच ठेवला. "इथं ठोके लागतात, साहेब. मधून निघून गोल गोल गेलेत." नाना मोठ्यानं म्हणाले, "कडेला तार घालून दुमडलंय, ती बी बघ. कंपनी तार घालत न्हाई."

मग त्यांची रीतसर साक्ष झाली. त्यांनी सांगितलं ते असं. "ह्या डायव्हरला बेड्या घालून बाजारातून न्येलं, त्याच दिशी ही गाडी माज्याकडं आली. डावं मडगार्ड चेपून चाकाला टेकल्यालं. बापूसाहेबांचा मानूस म्हनला, झाडाला ठोकली. म्या म्हनलं, नीट करून द्येतो. तर म्हनला, नीट नगं, नवं कर, अन् जुनं आमाला परत दे. म्या म्हनलं, घ्या बाबा, तुमचं मडं तुमी पुरा." आवारात हशा पिकला. बापूसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. त्यांच्या वकिलानं, गाडी मधल्या काळात कुणीतरी दुरुस्त केली असेल, मालकाला ठाऊक नसेल, असं काहीबाही बोलून बघितलं. पण शपथेवर सांगितलेलं खोटं ठरलं ते ठरलंच. मी सुटलो.

बाहेर आल्यावर मी धावत जाऊन त्यांच्या पायांवर पडलो. डोळ्यांना धारा लागल्या होत्या माझ्या. त्यांनी पाय मागे घेतले. "माज्या पाया कशापायी पडतो? तुज्यासाठी आल्तो व्हय मी? माज्या कामाला त्यो कंपनीचं म्हनला, म्हनून बोललो." आणि टोपी सारखी करून चालू लागले.

इथं माझा जीव टांगणीला लागलेला, घरात आईनं अन्न सोडलेलं, आणि या गृहस्थाला पडलंय काय, तर मडगार्ड! उपकार करायचा तर नीट करावा की माणसानं. तो राग माझ्या मनात किती वर्षं घर करून होता म्हणून सांगू.

पण त्याहून मोठा राग पुढे यायचा होता. मी सुटलो, ठीक. मग म्हादूला कुणी मारलं? तपास चालू आहे, असं सांगण्यात आलं. तो आजही चालू असावा. म्हादूची बायको फौजदाराकडे खेपा घालून थकली. तिला शेवटी सांगितलं गेलं की बैल बुजले असतील, गाडी कलंडली असेल, दैवात होतं. बापूसाहेब पुढच्याच महिन्यात एका शाळेच्या समारंभाला अध्यक्ष म्हणून गेले आणि मुलांना सत्यावर व्याख्यान देऊन आले. माझे वडील त्या शाळेत मास्तर. त्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. बळी तो कान पिळी, दुसरं काय म्हणायचं?

आणि नाना? त्यांच्याकडे गाड्या येणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी धमकावलं नाही. फक्त येईनात. बसवाले, ठेकेदार, डॉक्टर, ज्यांची ज्यांची दारं आणि मडगार्डं या माणसानं पिपाच्या पत्र्यातून उभी केली होती, ते सगळे तोंड फिरवून जाऊ लागले. "कोर्टात गिऱ्हाइकाचं झाकलेलं उघडं करतो, त्याच्या दारात गाडी कशी लावायची?" असं एक डॉक्टर मला तोंडावर म्हणाला. याच्या गाडीखाली कोण मेलं होतं, देव जाणे.

मलाही ट्रकमालकानं काढून टाकलंच होतं. सुटलो तरी कोर्टाची पायरी चढलेला ड्रायव्हर त्याला नको होता. रागारागानं मी एक दिवस नानांच्या पडवीत जाऊन बसलो. त्यांनी पत्र्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "बसलाच हायेस तर धर." नगरबाहेरचा एखादा अनोळखी मोटारवाला कधीमधी यायचा, तसं एक काम चालू होतं. ते संपेपर्यंत मी ते टोक धरून होतो.

तेव्हा मी बघितलं, मोटारीचं अंग कसं उभं राहतं ते. आधी जुन्या तुटक्या भागांवरून कागद बेतून कापायचा, शिंपी कापतो तसा. मग पत्रा भट्टीत लाल करून निवू द्यायचा, म्हणजे तो मऊ होतो. वाळूनं भरलेल्या गोणीवर तो ठेवून लाकडी मोगरीनं मधे ठोकत जायचं. ठोकलं की पत्रा पसरतो, मधे पोट धरतो. कडेला मात्र चुण्या पडतात. त्या चुण्या एकेक करून आवळायच्या, हे खरं अवघड. "मदी वाढीव, कडंला आवळ. सौंसार बी असाच अस्तो," असं नाना म्हणत, आणि आतून त्यांची बायको गोदाकाकू ओरडायची, "मदी काय वाढीवलंय त्ये जरा दावा की!" पोट धरलेला पत्रा मग ऐरणीवर घेऊन हलक्या हातोडीनं मठारायचा, शेवटी तार घालून कड दुमडायची. मोटारीचं दार करायचं तर आधी सागाची चौकट, तिच्यावर पत्र्याची कातडी, कडा आत वळवून चौकटीला घट्ट. नाना कधी मोजपट्टी लावत नसत असं नाही. लावत आणि तिच्याशी भांडत.

मी घाई केली की म्हणत, "बडवायला काय, धोबी बी बडिवतो." एकदा एका ठिकाणी पत्रा थोडा खोल गेला. मी म्हटलं, खड्ड्यात खडूची लांबी लिंपा, वरून रंग दिला की कुणाला दिसतंय? त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि मला असं झापलं की फौजदारानंही मला तसं झापलं नव्हतं. "दिसत न्हाई म्हंजी न्हाईच काय? खड्डा बुजवून रंग द्येयाचा धंदा त्या बापूसाहेबाचा!" तो सबंध भाग त्यांनी पुन्हा तापवला आणि नव्यानं घडवला.

याच दिवसांत बापूसाहेबांचा कारभारी आला. खाटेवर बसला, चहा प्यायला. म्हणाला, "केरू, झालं गेलं गंगेला मिळालं. चावडीपुढं चार माणसांत एवढंच म्हण, की अंधारात ओळखायला चूक झाली, मडगार्ड दुसऱ्याच गाडीचं होतं. आमच्या सगळ्या बसचं काम तुझं. बाकीचेही येतील मग." नानांनी शांतपणे विचारलं, "अंधारात? उन्हं व्हती की त्या दिशी." "अरे, म्हणायचं." "चुकलो म्हनू? सोताची मठार वळखंना, असं चार मानसांत म्हनू? त्यापरीस म्हना की हात तोडून दे." मग म्हणाले, "बस आना. चांगलीच करून दीन, वाईट काम मला येत न्हाई. पर कुनी इचारलं तर सांगीन, कुनी क्येली ती." बस आल्या नाहीत.

कारभारी गेल्यावर मीच भडकलो. "नाना, त्या कारभाऱ्याला म्हादूचं नाव तरी घ्यायचं होतंत! माणूस मेलाय, आणि तुम्ही मठार मठार करताय!" ते हातोडीच्या दांड्यावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, या माणसाला पत्र्यापलीकडे काही दिसतच नाही. त्या दिवशी मी जेवायला न थांबता निघून आलो.

पुढे घर चालेना तेव्हा ते संगमनेरला धाकट्या भावाकडे गेले. भावाचं ट्रंकांचं दुकान होतं. ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या. माझ्या दृष्टीनं यापेक्षा मोठा अन्याय नाही. ज्याच्या हाताखाली पत्रा पोट धरायचा, त्याला दिवसभर चौकोनी पेट्या ठोकायला बसवलं होतं. त्याला तिथं बसवणाऱ्यांत ज्यांच्या मोटारी त्यानं सावरल्या ते सगळे होते, आणि यांतल्या एकाचीही झोप उडाली नसेल. मला पुन्हा ट्रक मिळाला होता, नाशिक रस्त्याच्या फेरीला मी तिथं डोकावायचो. नाना कधी कुरकुरले नाहीत. फक्त ट्रंकेच्या झाकणाला उगीच थोडी गोलाई द्यायचे आणि भाऊ चिडायचा की झाकणावर झाकण रचता येत नाही.

लढाई संपली, स्वराज्य आलं, बोटी सुरू झाल्या. छापलेले पत्रे पुन्हा येऊ लागले. नानांच्या छातीत तोवर खोकला बसला होता. आमची शेवटची भेट झाली तेव्हा ते दुकानामागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. दंड पार वाळून गेले होते. गोदाकाकूनं मला चहा दिला आणि डोळ्यांनीच सांगितलं की आता काही खरं नाही.

हा माणूस जाणार, आणि इतकी वर्षं मला टोचत राहिलेलं तसंच राहणार, या विचारानं मला राहवेना. मरणाऱ्याशी भांडू नये म्हणतात. मी भांडलो.

"नाना, एक खरं सांगा. बापूसाहेबांनी त्या दिवशी नुसतं तुमचं नाव घेतलं असतं, डावं मडगार्ड केरूनं मध्यंतरी नवं केलंय, असं म्हणाले असते, तर तुम्ही खूश होऊन गर्दीत गप्प उभे राहिला असता ना? मी गेलो असतो ना फुकट?"

खोकल्याची उबळ जाईपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर तोच जुना संताप आला.

"खुळा का काय रं तू? त्यो तसं म्हनला असता, तर खरंच बोलला असता की. मंग तुला आत कुनी टाकलं असतं?"